बिनकव्हरचे अंक

कुणाच्याही घरी गेले की काका आधी भिंतीकडे बघायचे, मग माणसांकडे. भिंतीवर काही नसलं तर फडताळात डोकावायचे, फडताळातही नसलं तर पत्र्याच्या पेटीचं झाकण वर करून आतून हात फिरवायचे. घरातल्या बाईला वाटायचं, म्हातारा ढेकूण शोधतोय की काय. मी त्यांच्या मागे उभी राहून पदर सारखा करत राहायचे. लाज वाटायची आणि धाकधूकही व्हायची, की आता कोणीतरी ओरडेल, दोघांनाही बाहेर काढेल. कुठूनही बाहेर काढलं जाण्याची भीती मला तेव्हा फार होती. अजूनही आहे, थोडी.

सेलूत त्यांना सगळे ‘कव्हरवाले काका’ म्हणायचे. जुन्या मासिकांची, दिवाळी अंकांची हाताने रंगवलेली मुखपृष्ठं ते गोळा करायचे. दिवा घेतलेल्या बाया, बैलजोड्या, झोपाळ्यावरच्या मुली, कंदील लावणारी पोरं. आतला मजकूर त्यांना नको असायचा. तो त्यांच्याकडे होताच. नव्हती ती कव्हरं. असं का, ते पुढे सांगते.

मी मूळची भंडाऱ्याकडची, धानाच्या मुलखातली. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. नवरा सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला म्हणून त्याच्यामागे इथे आले. एक हंगाम झाल्यावर तो गुजरातेत काम बघतो म्हणून गेला. आधी फोन यायचा, मग येईनासा झाला. खोलीवाल्याने खोली सोडायला सांगितली. माहेरी जायचं तर तिथे कोणाला सांगायचं काय? जिनिंगमधली एक बाई म्हणाली, “एक म्हातारा हाय, एकटाच ऱ्हातो. दोन टाईम करून घालणारं कोणीतरी पाहिजे त्याला. मागची खोली देईल. पण डोक्यानं जरा तऱ्हेवाईक हाय बघ.”

मी म्हटलं, तऱ्हेवाईक चालेल, दारू पिणारा नको.

काकांनी मला ना गाव विचारलं ना जात. एक जुना अंक हातात दिला आणि म्हणाले, “पानं उलट.” मी कशीबशी चार-पाच पानं उलटली.

“थुंकी लावत न्हाईस बोटाला,” ते म्हणाले. “ठीक हाय. ऱ्हा.”

मग विचारलं, “भाकर येते?”

“नाही जी. भात येते.”

“भात आजारी माणसाला असतो.”

“आमच्याकडे सारेच भात खातात, काका.”

“म्हणजे गावच्या गाव आजारी? बरं. शिकशील. शिस्तीत शीक, तवा काही पळून चालला न्हाई.”

महिनाभर मी ज्वारीच्या भाकरीचे नकाशे थापले. काका एकेक तुकडा उचलून म्हणायचे, “हा बघ गुजरात. ही लंका.” पण टाकलं काही नाही, सगळं खाल्लं. एकदा त्यांनी बाहेरून विचारलं, “काय करायलीस गं?” मी आमच्या बोलीत म्हटलं, “भाकर थापून राहिली.” तेव्हापासून कोणी आलं की मला हाक मारून तेवढंच बोलायला लावायचे आणि पोट धरून हसायचे. नाव त्यांनी माझं कधी घेतलं नाही. “ए भंडारा, पाणी आण.” “भंडारा, पंखा बंद कर, पानं उडायलीत.” आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, सगळ्या सेलूत माझ्या जिल्ह्याचं नाव रोज घेणारा हा एकच माणूस आहे.

मागच्या अंगणात एक दोरी होती. तिच्यावर माझी साडी वाळत घालायला बंदी होती. थंडी सरली की काका त्या दोरीवर लाकडी चिमटे लावून कव्हरं टांगायचे, तेही सावलीत. “ऊन दाखवायचं न्हाई, वारा दाखवायचा,” म्हणायचे. कसर लागू नये म्हणून कपाटात कडुलिंबाचा पाला आणि वेखंड. दोरीवर ओळीने बाया डुलत असायच्या. शेजारचा पिठाच्या गिरणीवाला भिंतीवरून डोकावायचा.

“काका, आज कोणत्या कोणत्या बायका वाळत घातल्या?”

“वाळत न्हाई, वाऱ्याला ठेवल्यात. तुझी बी आणून दे.”

“माझी नका टांगू बा, दोरी तुटंल.”

एवढ्यात गिरणीवाल्याची बायको आतून काहीतरी भिरकावायची आणि मुंडकं खाली जायचं.

आता कव्हरं का नव्हती ते सांगते. काका नोकरीभर गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल होते. तेव्हाची रीत अशी की सहा महिन्यांचे अंक एकत्र शिवून त्यांचा एक जाड खंड करायचा, दिवाळी अंकांचे तर तीन-चार वर्षांचे मिळून. बाइंडर म्हणायचा, कव्हरं काढून द्या. तो जाड गुळगुळीत कागद शिवणीत नीट बसत नाही, खंड फुगतो. म्हणून काका बांधायला देण्याआधी प्रत्येक अंकाचं कव्हर फाडून काढायचे. सरळ फाटावं म्हणून लोखंडी फुटपट्टी दाबून धरायचे. शिवणीकडे बोटभर पट्टी राहायची, बाकीचं चित्र हातात. त्या फुटपट्टीच्या कडेला मधोमध एक खाच पडलेली होती. त्यामुळे त्यांनी फाडलेल्या प्रत्येक कव्हराच्या डाव्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा दात राहायचा, आणि खंडात राहिलेल्या पट्टीला तेवढाच खळगा.

फाडलेली कव्हरं ते वाटून टाकायचे. पोरांच्या वह्यांना, बायकांच्या फडताळांना, हॉटेलवाल्याच्या भिंतीला. “दिवाळी सरली की लोक मला गराडा घालायचे,” काका सांगायचे. “जणू मी पेढेच वाटायलोय. मला बी बरं वाटायचं. हात कधी आखडला न्हाई.”

ते निवृत्त झाल्यावर वाचनालय दुसऱ्या जागेत गेलं. जुने खंड ठेवायला जागा नाही, रद्दीत द्या, असं कमिटीचं ठरलं. काकांनी ते टेम्पोत घालून घरी आणले. मग रिकाम्या वेळात एकेक उघडून बसायला लागले. उघडलं की सरळ अनुक्रमणिका. दुसरा उघडला, पुन्हा अनुक्रमणिका. “सगळ्यांचं धड हाय, तोंड कुणालाच न्हाई,” म्हणायचे. “आन् ही तोंडं मीच काढली.” तिथून त्यांचा तो नाद सुरू झाला. आपल्याच हाताने वाटलेलं ते गावोगाव परत मागत फिरायला लागले.

लोक देत नव्हते असं नाही, पण भलताच अर्थ काढायचे. पिंगळीला एका लग्नाला आम्ही गेलो होतो. काका मुलाकडचे लांबचे नातेवाईक. रुखवतात नवरीच्या आजीची जुनी पत्र्याची पेटी ठेवलेली, झाकण उघडं, आणि झाकणाला आतून चिकटवलेली झोपाळ्यावरची बाई. काकांनी नवरीच्या बापाला कोपऱ्यात घेतलं. “ही पेटी मला पाहिजे.” बाप पांढराफटक पडला. अर्ध्या तासात मांडवभर झालं की मुलाकडचे ऐन वेळी हुंडा मागायला लागले. नवरदेवाची आत्या माझ्या अंगावर आली, “त्या म्हाताऱ्याला सांग, आमची इज्जत नको काढू!” शेवटी काका म्हणाले, “पेटी तुमची तुमाला. मला फक्त एक किटली आन् स्टोव्ह द्या.” मांडवामागे बसून आम्ही दोघांनी किटलीच्या वाफेवर ते कव्हर सोडवलं. काका वाफ द्यायचे, मी सुरीच्या बोथट बाजूने हळूच उचलायचे. तिकडे अक्षता पडून गेल्या, पंगत बसली. कव्हर सुटलं तेव्हा काकांनी डावी कड बोटाने चाचपली. दात नव्हता.

“आपली न्हाई ही,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणाची तरी हाय.” तरीही जपून आणली.

माझ्या खोलीतही असं एक कव्हर होतं. मी राहायला आले त्या आठवड्यातच काकांनी ते आणून दिलं. चिखलात वाकून धान लावणाऱ्या बाया, मागे बांध, वर काळं आभाळ. “अडकव,” म्हणाले. “दोन खिळे ठोक, दोरा बांध आन् चिमट्यानं लाव. पण चिकटवायचं न्हाई. चिकटवलेलं फाटल्याबिगर निघत न्हाई.” मी ते लावलं आणि बराच वेळ बघत बसले. माझी कपड्यांची पिशवी तेव्हा भरलेलीच असायची. लागतील तेवढेच कपडे बाहेर, बाकी आत. कधी जायला सांगतील नेम नाही. काकांच्या ते लक्षात आलं होतं. “पिशवी मोकळी कर गं,” असं दोन-तीनदा म्हणाले. मी हो म्हणायचे आणि करायचे नाही.

मग एके दुपारी परभणीहून एक बाई आल्या. माझ्या आईच्या वयाच्या, हातात काठी. वाचनालयातून कोणीतरी त्यांना काकांचा पत्ता दिला होता. त्यांचे वडील शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. फार वर्षांपूर्वी जिल्ह्यापुरता एक दिवाळी अंक निघायचा, दोन-चार वर्षं चालला आणि बंद पडला. त्यातल्या एका अंकावर त्यांच्या वडिलांचं चित्र होतं. छापलं गेलेलं तेवढं एकच. घरचा अंक वाळवीनं खाल्ला होता.

“आईला उंबऱ्यावर बसवून काढलं होतं,” त्या सांगत होत्या. “हातात दिवा. तिच्या लुगड्याला खांद्यावर ठिगळ होतं, बाबांनी ते पण काढलं. आई लय भांडली त्यांच्याशी. म्हणे, सगळ्या मुलखाला माझं ठिगळ दाखवलं. महिनाभर बोलली नाही.” त्या हसल्या. “आईचा दुसरा फोटो नाही हो आमच्याकडे. मी आता आजारी असते. एकदा बघायचं होतं.”

काकांनी खंड काढला. तो अंक त्यात होता. अनुक्रमणिकेखाली बारीक अक्षरात ‘मुखपृष्ठ’ आणि पुढे वडिलांचं नाव. त्याच्या आधी नुसती बोटभर पट्टी. त्या बाईंनी नावावरून बोट फिरवलं. “कव्हर?” त्यांनी विचारलं.

“मी फाडलं,” काका म्हणाले. “बांधायच्या आधी.”

बाईंनी खंड हळूच मिटून ठेवला. चहा घेतला, माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर टाकून दिला आणि गेल्या. रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. रात्री त्यांनी जेवण टाकलं. भाकरी चांगली झाली होती त्या दिवशी, म्हणून मनाला जास्तच लागलं.

तिथून पुढे मौज संपली. दोरीवर बाया टांगल्या गेल्या नाहीत. काका भेटेल त्याला विचारायचे. दूधवाला, एसटीचा कंडक्टर, शेळ्यांच्या बाजारातले लोक. “उंबऱ्यावर बसलेली बाई, हातात दिवा. कुणाच्या घरी हाय का?” गुडघे गेलेले, तरी जायचे, आणि त्यांच्यामागे मी. गिरणीवाला म्हणायचा, “काका, या वयात बाई शोधायलाव, तीबी दिवा घेतलेली.” काका तसेच पुढे निघायचे. रिकाम्या हाताने घरी यायचं, पाय धुवायचे, झोपायचं. मीही दमले होते. पण नाही म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. ज्याने छप्पर दिलं त्याला काय नाही म्हणणार?

शेवटी शेळ्यांचा एक व्यापारी म्हणाला, मानवतच्या अलीकडे एका गावात मेंढरंवाल्याच्या घरी अशी तसबीर आहे, पण ती लक्ष्मीची.

आम्ही खंड पिशवीत घालून गेलो. घर साधंच, दारात शेळ्या, अंगणात लोकरीचा वास. घरची बाई चाळिशीची, बोलकी. “या की, बसा. पाणी घ्या.” काकांची नजर पाण्याकडे नव्हतीच. कोपऱ्यात देवघर, त्यात काचेच्या चौकटीत एक चित्र, फुलांची माळ घातलेलं. काचेवर वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाचा जाड थर बसलेला. तोंड दिसतच नव्हतं. खाली दिव्याची पिवळी ज्योत तेवढी ओळखू येत होती.

“कधीची हाय ही?” काकांनी विचारलं.

“लक्ष्मी व्हय? सासऱ्यानं आणलेली. शेळ्या इकायला सेलूला गेले व्हते. तिथं लायब्ररीत एक साहेब व्हते, त्यांनी दिली म्हणं. ‘घेऊन जावा, लक्ष्मी हाय, घरात ठेवा,’ असं म्हणले. तवापासून बरकत हाय बघा. सासरे मरोस्तवर त्या साहेबाचं नाव काढायचे. आता फुकट लक्ष्मी कोण देतंय कुणाला?”

काकांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “मागून बघू का जरा तसबीर?”

बाईचा आवाज बदलला. “का म्हून? देव असा काढत नसत्यात.”

“मीच दिली होती ती,” काका म्हणाले.

बाई बघतच राहिली. मग एकदम पुढे येऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. “अवो, तुमी व्हय ते!” आतल्या सुनेला हाक मारली, चहा टाकायला सांगितलं, दूध जास्त घालायला सांगितलं. काका दोन्ही हात वर धरून उभे, जणू कोणी पिस्तूल रोखलंय. त्यांचा चेहरा मी पाहिला. परभणीच्या बाईंना त्यांनी फोनवर शब्द दिला होता, सापडलं की आणून देतो. आता या पायावर डोकं ठेवणाऱ्या बाईकडे ते मागणार कसं?

तिने हात धुतले, देवाला नमस्कार करून तसबीर खाली घेतली. काकांनी मागचे खिळे उचकटले, पुठ्ठा काढला. डावी कड आत दुमडलेली होती. त्यांनी ती बोटाने उलगडली. मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा दात. पिशवीतून खंड काढून त्यांनी पट्टी शेजारी धरली. खळग्यात दात बसला.

काच वेगळी झाल्यावर मी ओल्या फडक्याने ती पुसली. कुंकू सगळं काचेवर होतं, चित्राला कणभर लागलेलं नव्हतं. रंग काल लावल्यासारखे. उंबऱ्यावर बसलेली सावळी बाई, ओले केस, हातात पणती, आणि खांद्यावर निळ्या लुगड्याला लाल ठिगळ.

“अगं बया!” घरची बाई वाकून म्हणाली. “लक्ष्मीला बी ठिगळ!” आणि तोंडावर पदर घेऊन हसायला लागली.

मी काकांना न विचारता फोन लावला, चित्र दिसेल असा. एरवी मी असं काही करत नाही. रेंज येत-जात होती. परभणीच्या बाई पलंगावर बसलेल्या दिसल्या. फोन डोळ्यांजवळ घेऊन त्या वाकल्या.

“आई,” त्या म्हणाल्या. मग, “ती माळ कसली?”

“देवघरात आहे हो,” मी सांगितलं. “पूजा करतात.”

काका माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, “ताई, मी शब्द दिला होता...” आणि थांबले. घरची बाई दोघांकडे बघत होती. हसू गेलेलं, तसबिरीची चौकट छातीशी धरलेली. आता तिलाही कळलं होतं की आम्ही काय न्यायला आलो आहोत.

“राहू द्या काका,” फोनमधून आवाज आला. “एवढा मान तिला घरी कुठं मिळाला. राहू द्या तिथंच.”

“कोण हायेत या?” घरची बाई हळूच म्हणाली.

“ही लक्ष्मी ज्यांच्या घरून आली, त्या,” काका म्हणाले.

ती फोनजवळ आली. पदर सारखा केला. म्हणाली, “चहा घ्यायला पाहिजे व्हता तुमी. दिवाळीला या. पूजेला या, मी गाडी सांगते.” मग तिने काच बसवली, काकांनी खिळे ठोकले. कुंकवाची डबी उघडून ती जरा थांबली. मग करंगळीने कपाळावर, चित्रातल्या बाईच्या बरोबर कपाळावर, एक बारीक टिकली लावली. तोंड तिने पुन्हा झाकलं नाही.

परतीच्या एसटीत काका खिडकीला डोकं टेकून बसले. खंड मांडीवर. सेलू आलं तेव्हा म्हणाले, “दमलो गं भंडारा. घरी गेल्यावर वरण-भात टाक. भाकर नको.”

त्यानंतर त्यांनी कोणाकडे काही मागितलं नाही. वाचनालयात पुस्तक बाहेर गेलं की त्याच्या जागी फळीवर एक चिठ्ठी ठेवतात, कोणाकडे आहे ते लिहून. काकांनी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून तशा चिठ्ठ्या केल्या आणि खंडांतल्या पट्ट्यांपाशी घालायला लागले. डोळे अधू झाल्यामुळे लिहिलेलं मला वाचायला लावायचे, बरोबर आहे का बघायला. पहिली चिठ्ठी त्या गावाची. “देवघरात. पूजेत आहे.” एक हॉटेलच्या भिंतीची. बऱ्याच चिठ्ठ्यांवर नुसतंच, “कुठे आहे माहीत नाही. कुणाकडे तरी आहे.”

एक दिवस त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली. “वाच.”

मी अडखळत वाचली. “धान लावणाऱ्या बाया. मागच्या खोलीत, भंडाऱ्याच्या बाईकडे. परत मागू नये.”

“बरोबर हाय का?”

“त्याला पण दात आहे?” मी विचारलं. मी कधी बघितलंच नव्हतं.

“पहिलं सापडलेलं ते,” काका म्हणाले. “बरोबर हाय का ते सांग. खामखा वेळ घालवू नको.”

मी बरोबर आहे म्हटलं. त्या दिवशी पिशवी मोकळी केली.

काका जाऊन आता काही वर्षं झाली. घर पुतण्याने विकलं, खंड वाचनालयाने परत घेतले, चिठ्ठ्यांसकट. मी परभणीत एका मेसमध्ये भाकरी करते, गोल. परवाच्या दिवाळीत ड्रॉइंग मास्तरांच्या लेकीला घेऊन त्या गावाला जाऊन आले; त्या काठी टेकत देवघरापर्यंत गेल्या आणि तिथेच बसून राहिल्या. माझी ही खोली तिसरी. प्रत्येक खोलीत आधी ते धानाचं चित्र लावते, मग चूल मांडते. दोन खिळे, एक दोरा, दोन चिमटे. चिकटवलेलं नाही.